रियाधहून चार तास

भाई एसी दुरुस्तीच्या कामावर रियाधला निघाला, तेव्हा अब्बांनी त्याला एकच विचारलं, "किती लांब आहे?"

भाई हसला. "विमानात बसलो का चार तासात मुंबई. तुमाले तर नागभीडले जाऊन याले दिवस लागते."

अब्बा छोट्या रेल्वेगाडीनं नागभीडला जाऊन लोकांच्या शिलाई मशिनी दुरुस्त करायचे. त्यांना हा हिशोब इतका पटला की चंद्रपूरच्या आमच्या मोहल्ल्यात कोणीही विचारलं तरी ते सांगत, "पोरगा चार तासावर आहे."

नव्वदच्या दशकातल्या एका मे महिन्यात त्यांना अर्धांगवायूचा झटका आला. डॉक्टर म्हणाले, घरी न्या आणि ज्यांना बोलवायचं त्यांना बोलवा. मी एसटीडी बूथवरून भाईला फोन लावला. बातमी ऐकून तो म्हणाला,

"पासपोर्ट मालकाजवळ आहे. त्याच्या सहीशिवाय निघता येत नाई."

"मंग घे ना सही!"

"तो बाहेरगावी गेला आहे. परवा येते म्हणतात."

तो परवा उलटून गेला, तरी सही झाली नाही. अब्बांची वाचा गेली होती, पण दारात पाऊल वाजलं की नजर तिकडे वळायची. अम्मी त्यांच्या कानाशी म्हणत राहिली, "निघाला आहे, येऊनच राह्यला."

शेवटी शेजाऱ्यांच्या फोनवर भाईचा आवाज आला. सही मिळून तो मुंबईत उतरला होता. नागपूरच्या विमानात जागा नव्हती, म्हणून रेल्वेच्या जनरल डब्यातून येणार होता. त्याच संध्याकाळी अब्बा गेले.

आम्ही बर्फाच्या लाद्या आणल्या. त्या उकाड्यात टिकत नव्हत्या. सकाळी चाचा माझ्याजवळ येऊन हळू आवाजात म्हणाले, "बेटी, आता नाई ठेवता येत."

"नागपूरपर्यंत आलाच असन तो, चाचा."

"नागपूरहून बसनं बी चार तास आहेत."

मी अम्मीकडे पाहिलं. तिनं तोंडावर पदर ओढून घेतला. जनाजा उठला.

भाई आला तेव्हा दुपार कलली होती. रिकाम्या खाटेकडे बघत तो मला म्हणाला, "थांबले काऊन नाई?" उन्हाचं सांगू, बर्फाचं सांगू? मी पाण्याचा गिलास पुढे केला. त्यानं घेतला नाही. बॅग खांद्यावर तशीच ठेवून तो कब्रस्तानाकडे गेला.

थोड्या वेळानं परत आला. कब्रस्तानात ताज्या मातीच्या दोन कबरी होत्या.

"अब्बांची कोणती?" त्यानं विचारलं.

रिवाजाप्रमाणे आम्ही बायका दफनाला गेलोच नव्हतो. चाचा मशिदीत होते. तो उंबऱ्यावर बसून लहान मुलासारखा रडू लागला.

मालकानं दिलेली सुट्टी आठवडाभरात संपली. निघताना पुन्हा कधी येणार हे त्यानं सांगितलं नाही, आणि अम्मीनंही विचारलं नाही.