शिडीवरचं उदाहरण

मी शिडीवर होतो. हातात ब्रश. खाली क्लासची तीसेक पोरं. सर म्हणाले, "काका, जरा पोरांकडे तोंड करा." केलं. माझ्याकडे बोट दाखवून सर इंग्रजीत एक वाक्य बोलले. पोरं तेच एका सुरात बोलली. तीनदा. मग हसली. मला वाटलं, माझ्या अक्षराचं कौतुक चाललंय. मीही हसलो.

तिसऱ्या बाकावर माझी नात. तिने मान वर केली नाही.

कोपर स्टेशनजवळ चाळीत राहतो आम्ही. जन्म पाट्या रंगवण्यात गेला. ठाण्यातल्या कितीतरी वकिलांची नावं माझ्या हातची. इंग्रजी वाचता येत नाही, चित्रासारखं उतरवतो. मी क्लासच्या भिंतीवर इंग्रजी वाक्यं रंगवायची, सरांनी नातीला फुकट शिकवायचं, असं ठरलेलं. त्या दिवशी एक ओळ खिडकीच्या अलीकडे मावेना. आमच्या धंद्यात जागा कमी पडली की बारका शब्द गाळतात. मी गाळला. सरांना पोरांना शिकवायला आयता धडाच मिळाला.

घरी विचारलं, "काय म्हणाले गं सर?"

"काही नाही, आजोबा."

"सांग."

"जर-तरची वाक्यं चाललेली. हा माणूस शिकला असता, तर रंगारी झाला नसता. क्रियापदं बरोबर यावीत म्हणून बोलून घेतलं."

भांडलो तर पोरीचा क्लास जाणार. दहावीचं वर्ष. गिळलं. दुसऱ्या दिवशी गेलो. सरांनी चिठ्ठी दिली.

"काका, त्या चुकलेल्या ओळीच्या जागी कालचं वाक्य टाका. पोरांच्या चांगलं लक्षात राहिलंय."

चिठ्ठी परत केली.

"हे मी लिहिणार नाही."

"अहो, गंमत केली! आणि चूक काय आहे त्यात?"

शिकलेल्या माणसासमोर माझी जीभ आजही उचलत नाही. शिडी खांद्यावर घेतली. नात उठायला लागली. म्हटलं, "तू बस." सर म्हणाले, "नको. तिलाही न्या."

पोरीचा क्लास माझ्यामुळे गेला. ते माझ्या डोक्यावर आहे, राहणार.

उत्तर रस्त्यात सुचलं. मी शाळा आपणहून सोडली नव्हती. गावच्या शाळेत मला दाराबाहेर, चपलांपाशी बसवायचे. दुसरीत मी उठलो, तो परत गेलो नाही. सरांच्या वाक्यात नुसता मी होतो. बसवणारे कुठेच नव्हते.

आता नात मला शिकवते. मी घोटतो. चुकतो. सत्तरी उलटली, डोकं चालत नाही. पण ते वाक्य मी पुरं करणार. ज्यांनी बाहेर बसवलं त्यांच्यापासून सुरू करणार. इंग्रजीत. क्रियापदांसकट. क्लाससमोरच्या भिंतीवर, हातभर अक्षरांत. मग सरांनी तेही पोरांकडून तीनदा म्हणून घ्यावं.