माझं वाण

माझी चौथी झाली ती माण तालुक्यातल्या वस्तीवरच्या शाळेत. शाळाच तेवढी होती. पाचवीला दुसऱ्या गावी जायचं होतं, त्याऐवजी मी मेंढरांमागं गेले. पण वाचायचं वेड सुटलं नाही. किराणा बांधून आलेला कागदसुद्धा मी सरळ करून वाचायची.

लग्न होऊन पलूसकडं आले. घरात थोरली जाऊ बारावी शिकलेली, बोलायला फटकळ आणि आवाज असा खणखणीत की गल्लीतल्या कुठल्याही कार्यक्रमात तीच पुढं. मी चारचौघींत उभी राहिले तरी मला घाम फुटायचा. मी शेडवर बेदाणा निवडायला जायची. काडी वेगळी, काळा दाणा वेगळा, चांगला वेगळा. हात आपोआप चालायचे, त्यामुळं डोकं मोकळं असायचं. त्या मोकळ्या डोक्यात एक प्रेमकथा तयार झाली. दुपारच्या सुट्टीत मी ती एका वहीत लिहायला लागले.

संक्रांतीचं हळदीकुंकू आमच्या घरी होतं. जावेनं वाण म्हणून चहाच्या गाळण्या आणून माझ्या ट्रंकेत ठेवल्या होत्या. त्या काढायला तिनं ट्रंक उघडली आणि तिच्या हाताला वही लागली. बाहेर येऊन वीस-पंचवीस बायकांसमोर तिनं ती मोठ्यानं वाचली.

“‘त्यानं तिच्या ओंजळीतला एक बेदाणा उचलला, आणि तिला वाटलं, हा हात आता आपला राहिला नाही.’ आगं बया! आयका, आयका! चौथी पास लेखिका!”

बायका पोट धरून हसल्या. मी हळदीकुंकवाचं ताट धरून उभी होते. एवढ्यावर थांबलं असतं तर मी विसरलेही असते. पण तिनं मान तिरकी करून विचारलं, “ह्यो कोन गं? शेडवरचा मुकादम का?”

हसणं थांबलं. सासूबाईंनी काही न विचारता वही घेतली आणि दुसऱ्या दिवशी सकाळी पाण्याच्या बंबात घातली. त्या पाण्यानं सगळ्यांनी आंघोळी केल्या. त्यानंतर सासरे रोज मला शेडपर्यंत पोचवायला यायला लागले. नवरा ट्रकवरून महिन्यानं घरी आला आणि चार दिवस माझ्याशी बोलला नाही. मुकादम तर बिचारा साठीचा माणूस, त्यानं माझ्याकडं बघणंच सोडलं.

वही जळाली त्या दिवशीच मी ठरवलं होतं की ती गोष्ट पुन्हा लिहायची आणि जावेच्याच तोंडून वाचून घ्यायची.

नवऱ्याचा जुना फोन मला मिळाला, तेव्हा शेडवरच्या एका पोरीनं गोष्टी टाकायचं ॲप दाखवलं. मी टोपणनाव घेतलं. ऱ्हस्व-दीर्घ चुकायचं, वाचणाऱ्या बायकाच खाली दुरुस्त्या लिहायच्या. मी त्या एका वहीत उतरवून घ्यायची आणि पुढच्या भागात ती चूक करायची नाही. माझी माणसं मात्र आमच्यासारखीच बोलायची, ते मी कुणाला बदलू दिलं नाही. हळूहळू इतक्या बायका पैसे भरून वाचायला लागल्या की शेड सोडता आली. तोवर आमच्या चुली वेगळ्या झाल्या होत्या, अंगण एकच. नवऱ्याला सगळं ठाऊक होतं. तो एवढंच म्हणाला, “लिही, पर आईला कळू देऊ नगंस.” बाकीच्यांना वाटायचं, मी फोनवर साड्या विकते.

आणि माझी जाऊ माझीच गोष्ट वाचायची. कथेतली थोरली जाऊ तिला मुळीच आवडायची नाही.

“लय नीच बाय हाय,” ती कपडे वाळत घालताना मला सांगायची. “हिचं वाटुळं कवा हुतंय, तेच बघायचंय मला.”

“व्हय आक्का,” मी म्हणायची.

ती गोष्टीत फार अडकली की मी मुद्दाम आठवडाभर भाग टाकायची नाही. “मेली का काय ही लेखिका!” म्हणत ती अंगणात येरझाऱ्या घालायची. मी तांदूळ निवडत बसायची. तसं सुख मला दुसऱ्या कशात मिळालेलं नाही.

मग मी स्वतःच पुस्तक काढलं. कराडला छापून घेतलं, वर माझं खरं नाव घातलं. छापताना बारावं प्रकरण नवीन घातलं, ते फोनवर कुणी वाचलेलं नव्हतं.

यंदा संक्रांतीला हळदीकुंकू माझ्या दारात केलं. वाण म्हणून प्रत्येकीच्या पदरात पुस्तक घातलं. माझं नाव बघून बायका पुस्तक उलटंपालटं करून बघायला लागल्या. जाऊ पानं चाळून ओरडली, “आगं, ही तर माझी वाचल्याली गोष्ट! तू लिवलीस?”

“व्हय. आक्का, तुमचा आवाज चांगला हाय. बारावं प्रकरण वाचा की.”

सगळ्यांनी आग्रह केला. ती वाचायला लागली. संक्रांत, गाळण्या, ट्रंक, वही. ओंजळीतल्या बेदाण्याचं वाक्यही आलं. बायका खाली बघायला लागल्या, सासूबाई पदराशी चाळा करायला लागल्या. जावेला मात्र वाचायच्या भरात कळलं नाही. पुढं लिहिलं होतं, ‘थोरलीनं चहावरची साय करंगळीनं उचलली आणि बशीच्या खालून पुसली.’ असं करणारी आमच्या गल्लीत एकच बाई आहे. तिच्यासमोरच्या बशीलाही खालून साय लागलेली होती.

ती थांबली.

“वाचा की,” मी म्हणाले. मग त्या पानावर बोट ठेवून परत म्हणाले, “फुडं वाचा. मुकादमाचं ऱ्हायलंय.”

तिनं ते वाक्यही वाचलं. अगदी हळू वाचलं, तरी सगळ्यांनी ऐकलं. पदरात पडलेलं वाण परत देता येत नाही. ती ते घेऊनच घरी गेली. सासूबाई उठताना म्हणाल्या, “एवढं मनात धरायचं नव्हतं, पोरी.” मी म्हणाले, “बंबात घालायचं आसंल तर घाला. आजून लय परती हायत.”

चार दिवस जाऊ अंगणात आली नाही. पाचव्या दिवशी दोरीवरच्या ओल्या साडीआडून तिचा आवाज आला.

“फुडच्या गोष्टीत थोरलीचं काय करनार हायस?”

“बघू. आजून ठरलं न्हाई.”

ठरलेलं होतं. पण ते तिला फोनवर, आठवड्याला एकेक भाग असंच कळणार आहे.