काकांची लाँच मागे येईना

शनिवारी दुपारी सोलापूरच्या कारखान्यात टॉवेल विणायच्या एका मागाचा गिअर बदलत होतो, तेवढ्यात काकांचा फोन आला. काका फोनवर 'कसा आहेस' वगैरे विचारत नाहीत. फोन उचलला म्हणजे माणूस धड आहे, पुढचं बोलावं, असा त्यांचा हिशेब.

"सोमवारच्या आत ये. लाँच मागं येईना."

"मागं म्हणजे?"

"मागं म्हंजी मागं! इंजिनेर झालास आन् मागं-पुडं कळंना व्हय रं?"

आमचं गाव करमाळा तालुक्यात, उजनीच्या पाण्याच्या काठाला. पलीकडच्या काठावर कॉलेज, दवाखाना, मोठा बाजार. रस्त्याने वळसा घालून जायचं तर अर्धा दिवस मोडतो, पाण्यातून अर्धा तास. हा अर्धा तास म्हणजे माझ्या काकांची लाँच. माणसं, मोटारसायकली, शेळ्या, रुखवतातलं कपाट, सगळं तीच ने-आण करते. मीही चार वर्षं त्याच लाँचने कॉलेजला गेलो. आमच्या घरात माझ्याआधी कुणी दहावीच्या पुढे गेलं नव्हतं. त्यामुळे मी इंजिनिअर झालो याचं अर्धं श्रेय मी आई-वडिलांना देतो आणि उरलेलं त्या लाँचला. काकांनी मला कधी उतारू म्हणून बसवलं नाही. पुढच्या फळीवर, त्यांच्या पायाशी, माझी जागा ठरलेली होती. तिथे बसून मी पाठ केलेलं पाण्याला म्हणून दाखवायचो.

फोनवर मागून ओढाताण ऐकू आली आणि काकीचा आवाज आला. "त्यास्नी नीट सांगता येत न्हाय. मी सांगती. गुरवारी सायब आले हुते, लाँच बगायला."

उतारू वाहायची परवानगी दर वर्षी नवी करून घ्यावी लागते. साहेबांनी जॅकेटं मोजली, फळ्या दाबून बघितल्या, सगळं ठीक म्हणाले. मग काठ जवळ आल्यावर, आजवर कुठल्याच साहेबाने सांगितलं नव्हतं ते म्हणाले, आता थांबवा आणि मागे घेऊन दाखवा. काकांनी लिव्हर मागे ओढला. इंजिन गुरगुरलं आणि लाँच पुढेच गेली.

"म्होरं शेजाऱ्याची म्हस पाण्यात बसलेली," काकी म्हणाली. "लाँच जाऊन तिला टेकली. म्हस जाग्यावरनं हलली न्हाय, पर सायब चिलापी मासळीच्या पाटीत बसले की! पँट लई चांगली हुती रं त्येंची."

चिलापीवरून उठून साहेबांनी सांगितलं होतं, सोमवारी पुन्हा येतो. मागे आली तर सही, नाही आली तर लाँच काठाला बांधून ठेवायची.

म्हणजे काकांचं पोट आणि गावाची वाट, दोन्ही त्या रिव्हर्स गिअरला लटकली होती. मी रजा टाकली, हत्यारांची पिशवी भरली आणि रविवारी पहाटेच्या एसटीने निघालो.

लाँच बाभळीला बांधलेली होती. ही बाभूळ महत्त्वाची आहे. काका लाँच कशी थांबवतात हे मला लहानपणापासून माहीत होतं, पण त्याचा अर्थ त्या दिवशी लागला. बाभूळ नाकासमोर आली की ते इंजिन बंद करतात. लाँच आपल्या वेगाने सरकत येते आणि काठाला लावलेल्या जुन्या टायरांना टेकून उभी राहते. एक फूट इकडे नाही की तिकडे नाही. परत जाताना बांबूने रेटा देऊन तोंड फिरवतात.

"काका, रिव्हर्स शेवटचा कधी टाकला होता?"

काकांनी आठवून बघितलं. "लाँच घेतली तवा टाकला हुता. इकणाऱ्यानं दावलं हुतं."

"आणि नंतर?"

"मागं कशाला जायचं? उतारू म्होरं बसलेले असत्यात."

मी मधल्या फळ्या उचलल्या. इंजिनाच्या पाठीला गिअरबॉक्स, त्यातून निघालेला शाफ्ट पाण्यातल्या पंख्याकडे गेलेला. सुकाणूपाशी बसून लिव्हर ओढला की केबल गिअरबॉक्सच्या कुशीतला एक लहानसा दांडा हलवते आणि पंखा पुढे, मागे किंवा मोकळा फिरतो. मी कारखान्यात गिअरबॉक्सचंच काम करतो. पण आमच्या मागांना म्हशीला धडकायची सोय नसते, त्यामुळे मी जरा बिचकलोच होतो. मॅन्युअल फोनवर उतरवून घेतलं होतं. काठावर सात-आठ माणसं बघायला बसली होती आणि त्यांच्यासमोर काहीतरी इंग्रजी वाचणं मला गरजेचं वाटत होतं.

पहिल्यांदा ऑईल बघितलं. पाणी शिरलं असतं तर ते दुधाच्या चहासारखं झालं असतं. तसं नव्हतं. क्लचच्या प्लेटा जळल्या असत्या तर करपट वास आला असता. तोही नव्हता. पण डिपस्टिकने चूक पकडून दिली. काका ती आटे फिरवून आत घट्ट बसवायचे आणि मग बाहेर काढून ऑईल मोजायचे. या गिअरबॉक्सला ती पुसून नुसती आट्यांवर टेकवायची असते. काकांच्या पद्धतीने ती जास्त खोल जायची आणि ऑईल भरपूर दिसायचं. खरं बघितलं तर बोटभर कमी होतं.

मी फळीवर उभा राहिलो आणि काठावरच्या मंडळींना हे समजावून सांगितलं. ऑईल कमी, म्हणून दाब कमी, म्हणून प्लेटा पकडत नाहीत. बोलताना मी हातवारेही केले. काकांच्या चेहऱ्यावर असा काही अभिमान आला की मला स्वतःचंच बोलणं पटलं.

मॅन्युअलमध्ये सांगितलेलं ऑईल मी सोलापूरहून आणलेलं होतं, ते भरलं. लाँच थोडी आत नेली, वळवली, काठाकडे आणली. "आता टाका रिव्हर्स!"

काकांनी लिव्हर ओढला. इंजिन गुरगुरलं. लाँच पुढेच.

म्हैस त्याच जागी होती. तिने या वेळी आमच्याकडे बघून मान फिरवली, जशी माणसं ओळखीच्या भिकाऱ्याला बघून फिरवतात. मी बांबू घेऊन धावलो आणि चिखलात रोवून कशीबशी लाँच अडवली. बांबू तिथेच राहिला, मी त्याला धरून, आणि लाँच माझ्या पायाखालून हळूहळू निघून गेली. पाणी कमरेएवढंच होतं.

"ऑईलनं न्हाय झालं व्हय?" काठावरून कुणीतरी काळजीने विचारलं.

"अंगुळ झाली की पर," दुसरा म्हणाला.

काकीने मला काकांचा सदरा घालायला आणि धोतर नेसायला दिलं आणि भाकरी वाढली. मी काकांना सांगितलं की आता गिअरबॉक्स उतरवून उघडावा लागेल, आतल्या प्लेटा बघाव्या लागतील.

काका घास हातात धरून थांबले. "उगडलास तर उद्या सकाळपतुर बसंल?"

"सांगता येत नाही."

मग काकांनी अगदी सहज विचारलं, "तुमच्या कारखान्यात माग बंद पडला की पयलं काय बगता?"

"आधी बाहेरचं बघतो. वायर, पट्टा, केबल. उघडायचं सगळ्यात शेवटी," मी म्हणालो आणि ताट बाजूला सारलं. हे वाक्य मी कारखान्यात नव्या लोकांना रोज ऐकवतो. इथे मात्र आल्या आल्या मला काहीतरी मोठं सापडायला हवं होतं.

तसाच धोतरावर उठलो. इंजिन बंद ठेवलं, काकांना सुकाणूपाशी बसवलं आणि मी फळ्यांखाली डोकं घातलं. "पुढचा गिअर टाका." केबल सरकली, गिअरबॉक्सवरचा दांडा पूर्ण पुढे गेला. "आता मागचा." केबल ओढली गेली, दांडा निम्म्यापर्यंत आला आणि कशात तरी रुतून थांबला. पुरता मागे जातच नव्हता. मग प्लेटा धरणार कशा?

मी बॅटरीचा उजेड पाडून बघितलं. दांड्याच्या मुळाशी, केबल धरणाऱ्या पट्टीच्या आड, लिंबाएवढा काळा गोळा होता. तो मी सकाळपासून बघत होतो. मला वाटलं, मळ असेल. नखाने खरवडलं तर आतून लाल रंग निघाला. दोरे होते. एकावर एक गुंडाळलेले, ऑईल पिऊन दगड झालेले. वर हळद-कुंकवाचं पुट.

खंडेनवमीला काकी इंजिनाची पूजा करते हे मला माहीत होतं. त्या दिवशी आमच्याकडे नांगर, विळे, मोटारसायकल, सगळ्यांना हळद-कुंकू लागतं. पण एवढे दोरे?

"कात्री आणा!" मी ओरडलो. "सापडलं!"

काका कात्री घेऊन आले. त्यांच्या मागोमाग काकी आली आणि तिने आधी त्यांच्या हातातली कात्री काढून घेतली.

"कापायचं न्हाय."

"आगं, उद्या सायब यायचाय!" काका म्हणाले.

"सायब येऊ द्या. नवसाची गाठ कापत न्हाईत. ज्याच्यासाटी बांधली त्यानं सोडायची आसती." आणि माझ्याकडे बघून म्हणाली, "ह्याच्या हायत त्या."

मग ते कळलं. मी परीक्षेला निघालो की काकी लाँचवर यायची, मी काठाला उतरेपर्यंत मागे थांबायची. मला वाटायचं बाजाराला येते. ती दर पेपराला एक दोरा बांधून परत जायची.

"पण गिअरबॉक्सला का?" मी विचारलं. "देवळात बांधायचा की."

"तू यंत्राचं शिकत हुतास. मंग गाऱ्हाणं यंत्रालाच घालाया नगं? इंजिनावर बांदला तर दोरा जळतुया. सुकाणूला बांदला तर ह्येंच्या हातात येतुया. ती जागा गार हुती, कुणाचा हात लागत नव्हता."

तांत्रिकदृष्ट्या तिचं एकही वाक्य चूक नव्हतं.

"पास झाल्यावर येऊन सोडशील म्हणून ठिवल्या," ती पुढे म्हणाली. "तू तर नोकरीला गेलास."

निकाल लागला आणि आठवड्यात मी सोलापुरात होतो. नंतर सणावाराला गावी यायचो, पण एसटी थेट गावात सोडते. पाणी ओलांडायचं कामच पडत नव्हतं. काका-काकी घरीच भेटायचे. ज्या फळीवर बसून मी शिकलो, तिच्यावर नोकरीच्या चार वर्षांत एकदाही बसलो नव्हतो.

मी पालथा झोपलो आणि गाठी सोडायला लागलो. काकी दाभण घेऊन शेजारी बसली. रॉकेलमध्ये बोळा भिजवून एकेक गाठ मऊ करायची, दाभणाने उकलायची, दोरा ओढून काढायचा. प्रत्येक दोरा निघाला की काकी तो बोटांत धरून ओळखायची. तिला वाचता येत नाही, पण दोरे येत होते.

"ह्यो चित्राचा. त्या दिशी तू मोठी पट्टी लाँचवर इसरला हुतास. ह्यो गणिताचा." पुढचा निघाला. "ह्यो बी गणिताचा." त्याच्या पुढचा. तिने तो उन्हात धरून बघितला. "गणिताचाच."

काकांनी फळीवरून खाली डोकं वाकवलं. "गणित कितींदा दिलंस रं?"

मी घरी सांगितलं होतं की सगळे विषय पहिल्याच फटक्यात सुटले. निकाल उशिरा लागतात, विद्यापीठाचा घोळ असतो, असंही समजावलं होतं.

"चार वेळा," मी गिअरबॉक्सकडे बघत म्हणालो.

"आन् हिला ठावं हुतं?"

"मला कोण सांगतंय?" काकी म्हणाली. "पर पेपराच्या दिशी ह्याच्या कपाळावर घाम यायचा. गणिताचा घाम येगळा आसायचा."

काका डोकं वर घेऊन मोठ्याने काठाला ऐकू जाईल असं म्हणाले, "सापडलं रं! गणितानं अडकलिया लाँच!"

शेवटची गाठ सुटली तेव्हा ऊन बाभळीच्या पार गेलं होतं. दांडा मी हाताने हलवला. पुढे पूर्ण, मधे मोकळा, मागे पूर्ण. इंजिन सुरू केलं. काकांनी रिव्हर्स टाकला. पंख्याने मागचं पाणी पुढे फेकलं, बांधलेला दोर ताठ झाला आणि बाभळीची पानं थरथरली. काकांनी रिव्हर्स कधी वापरलाच नव्हता, म्हणून प्लेटा घासल्या नव्हत्या, कोऱ्या राहिल्या होत्या. त्या माणसाच्या हट्टाने गिअरबॉक्स वाचवला होता. पण हे मी त्यांना सांगितलं नाही. आधीच त्यांना त्या दिवशी बोलायला पुष्कळ मिळालं होतं.

सोमवारी साहेब जुनी पँट घालून आले. बसताना त्यांनी आजूबाजूला पाटी आहे का ते बघून घेतलं. काका लाँच घेऊन आत गेले, वळले आणि काठाच्या रोखाने आले. म्हैस होतीच.

"आता थांबवा, आणि मागे."

काकांनी लिव्हर ओढला. लाँच थबकली, जरा विचार केल्यासारखी उभी राहिली आणि मागे निघाली. म्हैस लांब लांब जाताना दिसली. मग बाभूळ, मग काठावर उभी असलेली काकी. काकांना जन्मात पहिल्यांदा आपलं गाव तोंडासमोर ठेवून लांब जाता येत होतं आणि ते थांबायला तयार नव्हते.

"पुरे, पुरे," साहेब म्हणाले.

"आजून येती की सायब! बगा तरी!"

सही झाली. मी काठाला उतरून हत्यारं गोळा करायला लागलो, तशी काकीने विचारलं, "तुजी ती बढतीची परीक्षा हाय म्हनत हुतास, ती कदी?"

"पुढच्या महिन्यात."

"गणित आसतं का तिच्यात?"

"थोडं असतं."

तिने पदराच्या गाठीतून लाल दोरा काढला आणि गिअरबॉक्सकडे निघाली. मी आणि काका एकदमच उठलो. बरीच बोलाचाली होऊन लाँचच्या छपराच्या मागच्या खांबाला बांधायचं ठरलं. काका जाऊन तो खांब हलवून बघत होते, किती दोरे पेलेल याचा अंदाज घेत.

त्या दिवशी मी एसटीने परत गेलो नाही. पुढच्या फळीवर बसलो आणि पलीकडच्या काठाने सोलापूर गाठलं. लांब पडलं जरा. गाठ सोडायला मात्र लवकर येणार आहे, पास झालो तरी आणि नाही झालो तरी.