वेणीचं टोक

पालकसभेला अजून वेळ आहे, म्हणून दहावी ब च्या रिकाम्या वर्गात मी टेबलावर डोकं टेकलं आहे. झोपायचं नाहीये, डोळे फक्त मिटले आहेत. शाळेमागच्या शेडमधले यंत्रमाग खडखडतायत. या गावात इतकी वर्षं काढल्यावर तो आवाज कानाला लागत नाही, नुसता अंगात राहतो.

फळ्यावर फुगे लावले आहेत. सहामाहीचा निकाल लागला की आमच्याकडे आनंद सप्ताह असतो. 'एक शाळा, एक कुटुंब' असा फलकही टांगतात. त्याच आठवड्यात आमचे मुख्याध्यापक हेरवाडे सर कच्च्या मुलांच्या पालकांना केबिनमध्ये बोलावतात आणि गोड बोलून सांगतात की पोराचं नाव काढून घ्या, बाहेरून बसवा दहावीला. असा आमचा शंभर टक्के निकाल लागतो. यंदा कुटुंबातून एकाच मुलीला काढायचं आहे, सानिका म्हेतरला. वर्गशिक्षिका म्हणून सही माझी लागते.

तिची आई छाया गणपतीत तापाने गेली. तेव्हापासून सानिका रोज प्रार्थना संपल्यावर येते, शेवटच्या बाकावर बसते आणि पेपर कोरे देते. बाप मागावर कामाला. शाळेतून काढली तर तिला मामाकडे धाडतो म्हणतो, मामाने स्थळ बघून ठेवलंय. तिला अजून सोळावं लागलेलं नाही. मी तिला स्टाफरूममध्ये समोर बसवून विचारलं, गोडीने विचारलं, मग चिडूनही विचारलं. "काही नाही बाई," यापुढे गाडी जात नाही. माझे उपाय संपले आहेत. सही न करायला माझ्याकडे एकही कारण नाही.

माग बंद पडतात. लाईट गेली असणार. पंखा मात्र फिरतोय.

दारात छाया उभी आहे. चप्पल बाहेर काढलेली, केसांत सुताचा कापूस.

"सभा हितंच हाय न्हवं?"

"हो. या, बसा." ती गेलेली आहे हे मला माहीत आहे, पण सभेला आलेल्या पालकाला ते तोंडावर कसं सांगायचं?

ती सानिकाच्या बाकावर जाऊन बसते. तिचे गुडघे बाकात मावत नाहीत.

"कसं हाय पोरीचं?"

"हुशार आहे, प्रयत्न केला तर..." मी नेहमीचं सुरू करते, पण पुढे नेववत नाही. "बरं नाही छायाताई. आज तिला काढतायत."

"आन तुमी?"

"मी काय करू? विचारून विचारून थकले. बोलतच नाही ती."

"समोर बसवून इचारलं असंल."

"मग कसं विचारायचं?"

ती उठते. बाकांच्या जागी माग आहेत, सगळे चालू, पण आवाज कशाचाच नाही. दोन रांगांमधून ती पुढे जाते. माझा पदर धाग्यांत अडकतो, तो सोडवेपर्यंत मी तिच्या घराच्या पायरीवर आहे. ती वरच्या पायरीवर बसली आहे आणि खांद्याला धरून मला खालच्या पायरीवर बसवते.

"पाठ करा माझ्याकडं."

माझा अंबाडा सुटतो. आई गेल्यापासून माझ्या केसांना कुणी हात लावलेला नाही. मला एकदम रडू येतं.

"मागचा भांग सरळ लागतो तुमच्या शाळंत," छाया म्हणते. "दोन येण्या, लाल रिबिनी. न्हाईतर झेंड्यापाशी उभं करता. सोताच्या हातानं मागचा भांग पडत न्हाई बाई. करून बघा."

मी हात मागे नेते. तो मानेपर्यंतसुद्धा पोचत नाही.

"म्हणून ती प्रार्थनेनंतर येते? एवढंच?"

"एवढंच न्हाई." ती केस ओढून घट्ट करते. तीन नाही, चार पेड घेतलेत. "येणी घालताना ती बोलायची. तोंडासमोर कवाच न्हाई. पाठ केली की भडाभडा सगळं. कोण काय म्हनलं, कुठलं गणित येईना, कशाचं भ्या वाटतं. मी नुसतं हां म्हनायची. आता कुनाकडं पाठ करंल ती?"

मी समोरच्या भिंतीकडे बघत बोलायला लागते. "मला भीती वाटते. सही केली तर पोर गेली. नाही केली तर सर माझं जगणं मुश्कील करतील. मला दोन्ही जमणार नाही."

"हां," छाया म्हणते.

"तुम्ही चला ना माझ्याबरोबर. तुम्ही सांगा त्यांना."

"माझं कोन ऐकतंय आता?"

पायरी आता झेंड्याच्या ओट्याची आहे. समोर सगळी शाळा आमच्याकडे पाठ करून उभी आहे, वेण्याच वेण्या. त्यात सानिका कुठेच दिसत नाही. मी हाक मारते, ती माझी मलाच ऐकू येत नाही.

छाया माझ्या मुठीत वेणीचं टोक देते. "घट्ट धरा. सोडलं तर सुटंल सगळं. मी रिबीन बघते."

"लवकर या," मी म्हणते. ती येत नाही. मी धरून बसते.

"बाई. ओ बाई." शिपाई दारातून हाक मारतोय. "सर बोलावत्यात. म्हेतर आल्यात पोरीला घेऊन."

माग खडखडतायत. मी उठते तर मानेला ओढ बसते. अंबाडा नाही. मानेपासून खांद्यावरून पुढे आलेली घट्ट, चार पेडांची वेणी आहे आणि तिचं टोक माझ्या उजव्या मुठीत आहे. मला चार पेडांची वेणी येत नाही.

मी तशीच केबिनमध्ये जाते. म्हेतर खुर्चीच्या कडेला बसलेत. सानिका दाराजवळ, केस रबराने कसेबसे बांधलेले. सर कागद पुढे सरकवतात.

"बाई, इथे सही."

"करता येत नाही सर."

"का?"

"हात मोकळा नाही."

सर माझ्या मुठीकडे बघतात. मला वेड लागलं असं त्यांना वाटत असणार. सानिका दारापासून हलते आणि माझ्या मागे येऊन उभी राहते. मला तिचा चेहरा दिसत नाही, तिला माझा दिसत नाही. वेणीवर तिची बोटं एक एक पेड चाचपत खाली येतात.

"बाई," ती माझ्या पाठीमागून म्हणते, "मला नाही जायचं मामाकडं."

"हां," मी म्हणते.