चाळीस रुपयांचा वस्ताद

पंचफुलाबाईनं महिना चाळीस रुपये देऊन घरी वस्ताद ठेवला, ही बातमी आमच्या सक्करदऱ्याच्या गल्लीत आली तेव्हा लोकांनी आधी हसून घेतलं. सन सत्त्याहत्तरची गोष्ट. बाई संत्र्यांच्या बाजारात फळं निवडायची, पेट्या भरायची. मजुरी दिवसाला पाच रुपये, तीही हंगाम असला तर. आणि म्हणे घरी वस्ताद! हे चोचले रामदासपेठेतल्या डॉक्टर-वकिलांचे, ज्यांचं पोट आधी दारातून बाहेर येतं आणि मागून ते येतात. माझे वडील गोपाळराव मास्तर म्हणाले, "आता ही बाई मोटार घेणार." मलाही हसू आलं, कबूल करते. मग वस्तादाचं नाव कळलं आणि सगळ्यांची तोंडं बंद झाली.

धोंडबा वस्ताद. त्याच्याच आखाड्यात अकरा वर्षांपूर्वी पंचफुलाबाईचा नवरा मेला होता.

आनंदराव गिरणीत कामाला होता आणि गिरणी सुटली की आखाड्यात. उंचापुरा, गमत्या माणूस. आम्हा पोरांना एका हातावर तिघांना लटकवायचा. आखाड्यात फी नसते. पहिल्या दिवशी नारळ, नागपंचमीला वस्तादाला फेटा, एवढंच काय ते देणं. पण नियम कडक. एकदा बैठका सुरू झाल्या की शागिर्दानं आपल्या मनानं थांबायचं नाही. वस्ताद 'बस' म्हणेल तेव्हाच थांबायचं. मधेच थांबला तर त्या पोराला महिनाभर कोणी हाक मारायचं नाही. पैसा घेतलेला नसल्यानं वस्तादाला जाब विचारणारंही कोणी नाही. मला हा सगळा प्रकार तेव्हाही पटत नव्हता आणि आता तर नाहीच नाही.

सहासष्टच्या नागपंचमीला आनंदरावाच्या अंगात दोन दिवसांचा ताप होता. धोंडबा म्हणाला, "घामानं ताप उतरते गा. लाग बैठकीले. मी म्हणीन तवाच थांब." तेवढ्यात फाटकाशी कोणी मोठा पाहुणा आला आणि वस्ताद त्याच्या सरबराईला गेला. मोजायला दोन पोरं उभी होती. ती इमानदारीनं मोजत राहिली आणि आनंदराव इमानदारीनं उठत-बसत राहिला. सहाशे चाळीसला तो तोंडावर पडला तो उठलाच नाही. वस्ताद विसरला, असं गल्लीत सगळे म्हणाले. धोंडबाही रडत तेच म्हणाला, "भूल झाली." दोन वर्षांत आखाडा ओस पडला आणि तो पोटासाठी रामदासपेठेत जाऊ लागला, साहेबलोकांना मालिश करायला आणि त्यांच्याकडून दंड-बैठका काढून घ्यायला.

आमची आणि पंचफुलाबाईची भिंत एकच. ती आईला सांगायची, "वैनी, पहाटेस मोजणी आयकू येते मले." नळावर कोणी धुणं आपटलं की तिचे हात थबकायचे. एका लयीत काहीही वाजलं, उखळ म्हणा, हातपंप म्हणा, की तिला त्यात आकडे ऐकू यायचे. मग ती पदराचे बोळे कानात कोंबायची. आम्ही पोरं तिला भ्यायचो. तिच्या डोळ्यांकडे पाहिलं की आपल्या मागे कोणी उभं आहे असं वाटायचं आणि मी खरंच एक-दोनदा वळून पाहिलं आहे.

मार्तंड तिचा एकुलता एक. बाप गेला तेव्हा दहा वर्षांचा होता. तिनं त्याला पळू दिलं नाही, झाडावर चढू दिलं नाही, कबड्डी तर लांबच. पोरगा वाढला तो नुसता उंचीनं. एकविसाव्या वर्षी पोलीस भरतीला गेला. धावला, उडी मारली, आणि छातीच्या मापात अडकला. श्वास भरून छाती जेवढी फुगायला हवी त्यापेक्षा अर्धा इंच कमी. पुढची भरती चार महिन्यांवर, आणि त्यानंतरची कधी निघेल कोणाला ठाऊक. बाईच्या हाताला संत्र्यांच्या पेट्यांनी घट्टे पडले होते, कंबर गेली होती. घरात नोकरी यायची तर या अर्ध्या इंचातूनच यायची होती.

मार्तंडनं मग आपल्या मनानं अंगणात बैठका सुरू केल्या. मोठ्यानं मोजत. पंचफुलाबाईचं काय होत असेल याचा विचार करा. अकरा वर्षं जे कानात होतं ते आता दारात आलं, आणि तेही पोराच्या आवाजात. आठव्या दिवशी ती पाणी घेऊन आली तर मार्तंड जमिनीवर हात टेकून ओकत होता. तोंड पांढरंफटक.

"काहून थांबला नाहीस रे?"

"कोणी थांब म्हटलं नाही न, माय."

हे वाक्य तिनं आमच्या ओट्यावर येऊन आईला सांगितलं तेव्हा तिचे दात वाजत होते. संध्याकाळी ती धोंडबाकडे निघाली. सोबतीला आईनं मला पाठवलं, म्हणून पुढचं मी डोळ्यांनी पाहिलेलं सांगते आहे.

धोंडबा खाटेवर बसला होता. तिला पाहून उभा राहिला, पण डोळे वर होईनात. पंचफुलाबाईनं उभ्याउभ्याच काम सांगितलं. तो म्हणाला, "येतो बाई. उद्यापासून येतो. फुकट येतो. तुह्या घरचा पैसा घेतला तर हाताले किडे पडतीन माह्या."

"फुकट नाई पाह्यजे," ती म्हणाली. "रामदासपेठेत किती घेता?"

"चाळीस."

"तेवढेच देईन. फुकट आले तर तुमी वस्ताद होता, मंग माहं तोंड बंद. पैशानं आले तर माहे नोकर. मी पायरीवर बसीन, अन् 'बस' मी म्हणीन. मंजूर असंन तर या."

मला त्या क्षणी तिच्या पाया पडावंसं वाटलं. आखाड्यात बाईला उंबरा ओलांडता येत नसे. हिनं आखाडाच आपल्या अंगणात उचलून आणला. बाजारातल्या बायजाबाईनं तिला झापलं, "पैसा उडवून राह्यली वं तू, अन् तोही त्या माणसावर!" पंचफुलाबाईनं ऐकून घेतलं आणि संध्याकाळी दोन घरची भांडी धरली.

धोंडबा आला. अंगणातली माती खणून त्यानं भुसभुशीत केली. म्हणाला, "बैठकीनं दम वाढते, दमानं छाती फुगते." मोजणी सुरू झाली आणि पन्नासाला पायरीवरून आवाज आला, "बस!" दुसऱ्या दिवशीही पन्नास. तिसऱ्या दिवशी पंचेचाळीस. मार्तंड चिडायचा, धोंडबा मान खाली घालून ऐकायचा. महिना झाला, छाती होती तिथंच. माझे वडील भिंतीपलीकडून म्हणायचे, "पन्नास बैठकांना चाळीस रुपये! बैठकीला बारा आणे पडले की!" हिशेब चुकीचा होता, रोज रोजच्या बैठका त्यात धरल्याच नव्हत्या, पण हसणाऱ्यांना तेवढा पुरला.

महिना भरला त्या दिवशी तिनं धोंडबाच्या हातावर पैसे ठेवले. त्यानं ते खाली पायरीवर ठेवले.

"हे मी कायचे घेऊ? तू मले शिकवू देऊन नाई राह्यली, बाई. पोराचे पाय थरथराले लागतात, ते चालते. नाकपुड्या पांढऱ्या होतात, तवा थांबाव लागते. मी ते पाहून राहतो. तू निस्ता आकडा आयकून राह्यली."

"त्या दिवशी काहून नाई पाह्यलं मंग?" ती म्हणाली. "विसरले न तुमी!"

मार्तंड मातीत उभा होता, मी भिंतीवरून पाहत होते.

"विसरलो नोतो," तो म्हणाला. "फाटकापाशी मले मोजणी आयकू येत होती. पाचशे झाले तवा पाव्हणा म्हणे, वा रे वस्ताद, काय दम आहे तुमच्या शागिर्दाचा! तिथंच आवाज द्याले पाह्यजे होता मी. मले वाटलं, आनखी शंभर होऊ दे. पाव्हणा पाहून राह्यला."

पंचफुलाबाई उठून आत गेली आणि दार लावून घेतलं. मला इतका संताप आला की हाताशी वीट असती तर मी ती त्याला मारली असती. विसरलेल्या माणसाला अकरा वर्षांत कधीतरी माफ करता येतं. याचं काय करायचं?

चार दिवस धोंडबा आला नाही. मार्तंड एकट्यानं बैठका काढायचा आणि ती पायरीवर बसायची. पाचव्या दिवशी तीच माझ्या आईला म्हणाली, "वैनी, मी त्याच्या नाकाकडे पाहते, पायाकडे पाहते. मले काईच समजत नाई. मी निस्ती भेते." आणि त्याच संध्याकाळी तिनं धोंडबाला निरोप पाठवला. आई म्हणाली, "अगं, त्याच माणसाला?" तर म्हणाली, "आता तोच पोरावरून नजर हटवनार नाई. दुसरा हटवन."

तो आला. या खेपेला ती पायरीवर बसली, पण तोंड उघडलं नाही. शंभर झाले, दीडशे झाले. तिच्या मुठी आवळलेल्या मला भिंतीवरून दिसत होत्या. एकशे ऐंशीला मार्तंड चांगला खुशीत होता, गाल लाल, चाल जोरात. मीसुद्धा म्हटलं असतं, होऊ दे अजून. धोंडबानं पटकन हात वर केला, "बस!" मार्तंड थांबला आणि थांबल्यावर त्याचे गुडघे जे लटपटले, की तो मटकन खालीच बसला. धोंडबानं त्याच्या छातीवर तळहात ठेवला आणि ठोके सावकाश होईपर्यंत काढला नाही. पंचफुलाबाई ते पाहत होती. मग ती आत गेली आणि धोंडबासाठी चहा घेऊन आली. त्या घरातला तो त्याचा पहिला चहा. माझ्या वडिलांनीही त्यानंतर चाळीस रुपयांवर विनोद केला नाही.

मापाच्या दिवशी मार्तंडची छाती लागते त्यापेक्षा पाव इंच जास्तच फुगली. पेढे वाटले गेले. आठवड्यानं तो ट्रंक घेऊन ट्रेनिंगला निघून गेला आणि घरात पंचफुलाबाई एकटी राहिली.

दुसऱ्या दिवशी सकाळी फाटक वाजलं. धोंडबा उभा होता.

"पोट्टा तं गेला," ती म्हणाली.

"हाव. पन मी आलो नोतो ते चार दिवस बाकी आहेत, बाई. त्याचेही पैसे घेतले आहेत मी."

मला वाटलं, ती त्याला हात जोडून परत पाठवील. तिनं फाटक उघडलं. धोंडबा मातीसमोर नेहमीच्या जागी जाऊन बसला. ती पायरीवर बसली. समोर माती तेवढी होती, रात्रीच्या दवानं ओली, तिच्यावर पायाचा ठसासुद्धा नाही. आणि त्यानं मोजायला सुरुवात केली.

मी दात घासत होते, तशीच भिंतीशी उभी राहिले. तो नुसते आकडे म्हणत नव्हता. त्याची मान वर-खाली होत होती, कोणाच्या तरी उठण्या-बसण्याबरोबर. नजर मातीवरून हलत नव्हती. शंभर गेले, दोनशे गेले. माझी आई बाहेर आली, मला आत ओढू लागली, मी गेले नाही. तीनशे. आवाज घोगरा झाला. पंचफुलाबाईनं एकदाही त्याला थांबवलं नाही. तिनं कानावर पदरही घेतला नाही. चारशे झाले तेव्हा गल्लीतले दोघंतिघं फाटकाशी येऊन उभे राहिले, आणि कोणीही हसलं नाही. आम्ही सगळे त्या रिकाम्या मातीकडे पाहत होतो.

"चारशे अठ्ठ्याण्णव. चारशे नव्व्याण्णव. पाचशे."

धोंडबा ताडकन उठला. म्हातारा माणूस, धडपडला, पण हात पुढे करून मातीत धावला आणि असा ओरडला की नळावरच्या बायांनी घागरी खाली ठेवल्या.

"बस! आनंदा, बस! बस झालं रे!"

पंचफुलाबाई नवरा मेला तेव्हा रडली नव्हती. आई नेहमी सांगायची, तिच्या डोळ्यात टिपूस नव्हता. त्या सकाळी ती पायरीवर बसल्या जागी मोठमोठ्यानं रडली, आणि मार्तंडच्या बापाला ताप आहे, त्याला घरी घेऊन चला, असं फाटकाशी उभ्या असलेल्या लोकांना सांगत राहिली.