पडद्यावर माझे ओठ हलत होते

मागच्या आठवड्यात इथल्या विद्यापीठात चित्रपट सप्ताह होता. मुलांनी बनवलेल्या छोट्या फिल्म रोज दाखवायचे. माझी नात कल्याणी तिथेच शिकते, तिचीही एक फिल्म होती... शेवटच्या दिवशी.

मी सातवी शिकलेला माणूस. इंदिरानगरला पिठाची गिरणी चालवण्यात जन्म गेला. विद्यापीठाच्या गेटमधून आत जाताना पाय जड होतात. कोणी हटकलं तर? मोबाईल मध्येच वाजला तर? बाथरूम कुठल्या बाजूला असेल?... कल्याणी स्कूटरवर मागे बसवून न्यायची आणि वाटभर मी हेच विचारायचो.

"आबा, तुम्ही फिल्म बघायला चाललाय, ऑपरेशनला नाही," ती म्हणायची.

तिची फिल्म होती तिच्या आजीच्या स्वयंपाकघरावर. आमची ही गेल्या वर्षी गेली. आम्ही दोघं मूळचे नामपूरकडचे, आमची बोली अहिराणी. नाशिकला आलो तेव्हा पंचवटीत भाजी घेताना ही तिच्या बोलीत काही बोलली आणि दोन-चार बायका फिदीफिदी हसल्या. तेव्हापासून ही बाहेर मोजकंच बोलायची. मुलांशी शहरी मराठीत. अहिराणी फक्त माझ्याशी... दार लावून घेतलं की.

ती गेल्यावर घरात ती बोलीच राहिली नाही. मुलगा-सुनेला समजते, पण बोलायची सवय नाही. मीही बोलत नाही. कोणाशी बोलणार?

दिवाळीनंतर कल्याणीने स्वयंपाकघरात कॅमेरा लावला, माझ्या सदऱ्याला माईक अडकवला आणि म्हणाली, "आबा, नेहमीसारखं काम करा, कॅमेऱ्याकडे बघू नका." भाकरीचं पीठ चाळायला घेतलं तर चाळण सापडेना. शोधता शोधता मी कॅमेरा विसरलो... आणि हिलाच विचारायला लागलो, कुठे ठेवलीस म्हणून. आमच्या बोलीत. मग तिच्याच सुरात मीच उत्तर दिलं. मग पुन्हा मी, पुन्हा ती. चांगलं भांडण झालं आमचं. किती दिवसांनी...

संध्याकाळी कल्याणीने ते मला दाखवलं आणि मला घाम फुटला. म्हातारा वेड्यासारखा एकटाच बोलतोय, तेही गावंढळ बोलीत! एवढी शिकलेली माणसं बघणार... हसतील. मुलाच्या ऑफिसातलं कोणी बघितलं तर?

"काढून टाक," मी म्हणालो.

"आबा, अख्ख्या फिल्ममध्ये तेवढंच तर जिवंत आहे."

"मला नको. हसतात लोक. तुला काय माहीत!"

दोन दिवस मी घास धड खाल्ला नाही. शेवटी तिने चित्र ठेवलं आणि आवाज काढून टाकला. तेवढ्यानेही माझं समाधान होईना. मूळ रेकॉर्डिंगही माझ्यासमोर डिलीट करायला लावलं. कुठून तरी बाहेर पडेल अशी धास्ती होती मला...

आता त्या सप्ताहाचं. दुसऱ्याच दिवशी पेठ तालुक्यातल्या एका म्हातारीची फिल्म होती. ती सुनेला शिव्या देत, कोंबड्यांना हाकलत तिच्या बोलीत बडबडत होती. खाली मराठीत अक्षरं येत होती. हॉल खदखदून हसला आणि मी खुर्चीत आक्रसलो. पण ते हसणं वेगळं होतं... आपल्या माणसाला हसतात तसं. म्हातारी गेलेल्या नवऱ्याबद्दल बोलायला लागली तेव्हा शेजारची मुलगी डोळे पुसत होती.

बाहेर पडल्यावर मी कल्याणीला घाबरत घाबरत विचारलं, "माझा तो आवाज... परत घालता येईल का गं?"

स्कूटरला किल्ली लावत ती म्हणाली, "आबा, तुम्हीच पुसायला लावला ना." रागावली असती तर बरं वाटलं असतं.

शेवटच्या दिवशी तिची फिल्म लागली. हिची फळी, हिचे डबे... आणि मग मी. एवढ्या मोठ्या पडद्यावर माझे ओठ हलत होते आणि वर बासरी वाजत होती. कुठल्या शब्दाला ओठ कसे हलले ते मला एकट्याला समजत होतं.

टाळ्या झाल्या. मग एका मुलाने उठून विचारलं, "ते आजोबा काहीतरी बोलतायत. महत्त्वाचं वाटतंय. आवाज का काढून टाकलास?"

कल्याणीने माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. माइकवर म्हणाली, "तो निर्णय माझा होता. चुकला माझा."

मी उठायला हवं होतं. चूक माझी आहे, एवढंच म्हणायचं होतं. गुडघ्यांवर हात ठेवले... आणि तसाच बसून राहिलो. तोवर पुढची फिल्म सुरू झाली.

घरी आल्यावर तिने पुन्हा कॅमेरा लावून बघितला. मी बोललो. शब्द आले, पण हिचा सूर येईना. ठरवून येत नाही तो. त्या दिवशी ती आपण होऊन आली होती, आणि मी तिला परत गप्प केलं... भाजीबाजारातल्या बायकांनी केलं तसंच.

काल मी मोबाईलवर ती फिल्म बघत बसलो होतो. कल्याणी शेजारी येऊन बसली, पडद्यावर बोट ठेवून म्हणाली, "इथे आजी काय म्हणाली?"

तुम्ही काय म्हणालात, असं नाही विचारलं पोरीने. आजी काय म्हणाली, असं विचारलं.

मी सांगितलं, "तुमना डोयासमोर शे ना!" चाळण तुमच्या डोळ्यांसमोरच आहे ना, असं.

तिने ते मोठ्याने म्हणून बघितलं. सूर काही जमला नाही तिला. पण स्वयंपाकघरातून सूनबाई दचकून बाहेर आली... आणि दारातच उभी राहिली.