आधी सुनेचा पेला

बेबाबाईला तिसरं मूल झालं त्या वर्षी घरात केळी उदंड होती आणि तिच्या अंगात रक्त नव्हतं. विहिरीवरून घागर आणताना ती तीन ठिकाणी टेकायची. भाकरी थापता थापता डोळ्यांपुढे अंधारी आली की तसाच हात परातीत ठेवून बसायची, आणि अंधारी ओसरली की पुढची भाकरी घ्यायची. आपल्याला काही झालंय असं तिला वाटतच नव्हतं. बाईचं अंग थकायचंच, त्यात सांगण्यासारखं काय, असा तिचा हिशेब.

घर सावद्याजवळच्या एका गावातलं, केळीच्या बागायतीचं. माणसं मोजकी. नवरा तोताराम, म्हातारे सासरे उखर्डूआबा, बेबाबाई आणि तिन्ही पोरं. सासू कधीच गेलेली. आबांच्या आधीची दोन भावंडं पाळण्यातच गेली, म्हणून हे तिसरं जन्मल्याबरोबर आईनं उकिरड्यावर नेऊन ठेवलं आणि परक्या बाईकडून उचलून आणवलं. हे पोर कुणाला नकोय असं देवाला वाटावं, एवढाच हेतू. देव फसला. पोराला नाव उखर्डू मिळालं आणि पुढे सत्तर पावसाळे मिळाले. आबा ही गोष्ट कुणालाही सांगायचे, न विचारता सांगायचे, आणि दर वेळी स्वतःच हसायचे.

सून एकदा ओट्यावरच कोसळली, तेव्हा आबांनीच तिला रेल्वेत बसवून जळगावला नेलं. तोताराम केळीच्या वॅगनी भरण्यात अडकलेला. डॉक्टरांनी तिची खालची पापणी ओढून पाहिली. आत पांढरं फटक. त्यांनी लोहाच्या गोळ्या दिल्या. त्या तिच्या पोटात ठरेनात, गोळी घेतली की ओकारी. पुन्हा जळगाव. मग डॉक्टर आबांना म्हणाले, "आता सुया देतो, आणि घरी एक करा. शेवग्याचा कोवळा पाला, तांदुळजा, कोथिंबीर, जी हिरवी भाजी मिळेल ती स्वच्छ धुऊन कच्चीच वाटायची. चव यावी म्हणून एक पिकलेलं केळं घाला, लिंबू पिळा. पेलाभर रस रोज सकाळी, अनाशेपोटी. एक दिवस चुकवायचा नाही. पुढचं बाळंतपण या अंगानं सोसणार नाही, पाटील, हे स्पष्ट सांगतो."

एवढं स्पष्ट ऐकल्यावर आबा दुसऱ्या दिवशी स्वतः शेवग्याखाली उभे राहिले. काठीनं फांदी वाकवली, पाला ओरबाडला. बेबाबाईनं तो पाट्यावर घेतला. वरवंटा दोनदा फिरला आणि पाट्यावर हिरवीगार चटणी पसरली. मग केळं कुस्करलं, पाणी घातलं, फडक्यातून गाळलं. कल्हईच्या पेल्यात ते दाट हिरवं पाणी पाहून पोरं तोंड वाकडं करून लांब झाली.

बेबाबाईलाही ते पाहून कसंसंच झालं. आबांनी हात पुढे केला.

"दे इकडे. अगुदर मी पेतो. पाहू तं खरं, इख आहे का काय."

त्यांनी घोटभर घेतलं, थांबले, मग पेला रिकामाच केला. मिशीला हिरवी किनार लागली.

"चांगलं लागते व, माय. पे तू बी."

सुनेला धीर द्यावा एवढ्याच भल्या मनानं म्हाताऱ्यानं ते केलं. पण घोटाळा झाला तो तिथेच, आणि तो कुणाच्या ध्यानात आला नाही. गोळी हे औषध होतं. ती बेबाबाईनं एकटीनंच घेतली, त्यात कुणाचा वाटा नव्हता. रसात मात्र केळं पडलं आणि औषधाचं खाणं झालं. खाणं म्हटलं की त्या घरात, त्या गावात, त्याचा क्रम ठरलेला. आधी म्हातारं माणूस, मग कर्ता पुरुष, मग पोरं, आणि भांड्याच्या तळाशी राहील ते घरच्या बाईचं. बेबाबाईनं हा क्रम कधी ठरवून पाळला नव्हता. हातच तसे चालायचे.

दुसऱ्या सकाळी तिनं पेला भरला आणि आबांपुढे ठेवला. आबांनी घेतला. तोताराम बागेत निघाला होता, त्यालाही दिला. केळ्याची गोडी आहे म्हटल्यावर पोरांची नाकं सरळ झाली. मग पातेल्यात पाणी ओतून ते खंगाळायचं आणि फिक्कट हिरवं खंगाळपाणी आपण प्यायचं. पेलाभर व्हायचंच की! डॉक्टरांनी पेलाभरच सांगितलं होतं.

पुढे तिनं दोन मुठी पाल्याच्या चार मुठी केल्या. पण घरात कुणीतरी वाढीव असायचंच. बागेला पाणी देणारा गडी भटू, विस्तवाला आलेली शेजारची भिकुबाई. माणूस समोर बसलेलं असताना एकटीनं पेला तोंडाला लावायचा, हे तिच्यानं झालं नसतं. पाला वाढला तसं पिणारं वाढलं आणि बेबाबाईच्या वाट्याचं पाणी तेवढंच पातळ राहिलं. एक मात्र खरं, तिनं एक दिवस चुकवला नाही. ताप असला तरी पाटा धुतला जायचा. सकाळी वरवंट्याचा आवाज आला की भिकुबाई म्हणायची, पाटलांचा हिरवा चहा झाला.

आठ महिन्यांनी आबा तिला पुन्हा जळगावला घेऊन गेले. डॉक्टरांनी पापणी ओढली. पांढरं फटक. सुयांनी काय चढलं असेल तेवढंच. मग त्यांची नजर आबांवर गेली.

"पाटील, तुमची तब्येत मात्र छान सुधारली हो. गालांवर चकाकी आलीय. काय घेता?"

आबा हसायला गेले आणि अर्ध्यावर थांबले.

परतीच्या गाडीत भुसावळ येईपर्यंत ते खिडकीबाहेर बघत होते. गाडी सुटल्यावर त्यांनी हळूच विचारलं, "माय, खरं सांग. तू रोज किती पेते?"

"पेते ना आबा. चुकवत नही मी."

"किती, ते सांग."

"उरते तेव्हडं."

"अन् उरते किती?"

बेबाबाईनं पदर कपाळावर ओढला. खोटं बोलायची सवय नव्हती. "भांडं खंगाळते पानी टाकून. ते पेते."

आबांनी डोळे मिटले. आठ महिने हा म्हातारा सुनेचं रक्त पेल्यानं पीत होता आणि वर मिशी पुसत होता, असं त्यांच्या मनात आलं आणि त्यांना स्वतःची शरम वाटली. बेबाबाईला वाटलं, आपलंच काही चुकलं. ती घाबरून म्हणाली, "आबा, उद्यापासून जास्त वाटीन."

घरी गेल्यावर तोताराम तिच्यावर रागावला. ती मान खाली घालून हो म्हणाली. दुसऱ्या दिवशी खरंच तिनं आधी आपला पेला भरून बाजूला ठेवला. तेवढ्यात धाकटं रडलं, अर्धा त्याला गेला. बाकीचा भटूला. आबा ओट्यावरून सगळं पाहत होते. रागावून उपयोग नाही हे त्यांनी ओळखलं. ती ऐकत नव्हती असं नाही, तिला ते करताच येत नव्हतं. आणि मग त्यांना आपली उकिरड्याची गोष्ट आठवली असावी. आईनं रीत वापरून देवाला फसवलं, तर सुनेला फसवायला काय हरकत आहे?

वैशाखाचे दिवस होते. सकाळीच ओट्याची फरशी तापायची. आबा अंघोळ करून बसले. बेबाबाईनं रोजच्यासारखा पाण्याचा लोटा भरून त्यांच्यापुढे ठेवला. त्यांनी तो उचलला, पाणी तुळशीत ओतलं आणि लोटा उपडा ठेवला.

"आजपासून आसं. तुझा पेला माझ्यासमोर रिकामा होईन, तवाच मी पानी पेईन. तोवर लोटा उपडा."

"आबा, आसं कसं? घरातलं मोठं मानूस तहानलेलं बसीन, अन् सुनेनं अगुदर प्यावं?"

"तेच तं म्हन्तो. मोठं मानूस तहानलेलं बसेल आहे. ध्यानात ठेव."

तिला वाटलं, म्हातारा थट्टा करतोय. तिनं पेला भरला, आणि हातात घेऊन दाराआड उभी राहिली. सासऱ्यादेखत पिणं म्हणजे तिच्या लेखी उघड्या डोक्यानं पारावर बसणं. ऊन ओट्याच्या पहिल्या पायरीवर आलं, दुसरीवर आलं. तोताराम बागेतून परतला, म्हणाला, "आबा, पानी तं प्या." आबांनी नुसता हात हलवला. त्यांचे ओठ सुकले होते. ते समोरच्या कडुलिंबाकडे बघत बसले, जणू बैलगाडीची वाट पाहतायत.

सासऱ्याला तहानलेलं ठेवायचं, की सासऱ्याआधी प्यायचं? दोन्हीत पाप होतं. बेबाबाई रडकुंडीला आली. शेवटी ती भिंतीकडे तोंड करून उभी राहिली, पदर पुढे ओढला, आणि डोळे मिटून सगळा पेला प्यायली. दाट, थोडा तुरट, मागून केळ्याची गोडी. हा रस असा लागतो हे तिला आठ महिन्यांत पहिल्यांदा कळलं. तिनं पेला आबांच्या लोट्याशेजारी उपडा ठेवला. टक् आवाज झाला. आबांनी लोटा सुलटा केला.

"आन आता पानी. जीव चालला व माझा."

ती हसली. तिला रडूही येत होतं.

मग तो घरचा नेमच झाला. रोज वरवंटा, रोज भिंतीकडे तोंड, रोज उपडा पेला आणि मग आबांचं पाणी. बाजाराला जायचं असो, पाहुणे असोत, आबा कुणाचं ऐकत नसत. एकदा त्यांची लेक कुंदाबाई फैजपूरहून माहेरी आली. बाप सुनेच्या आधी पाणीसुद्धा घेत नाही हे पाहून ती फुरंगटली. आबा म्हणाले, "तुझ्या सासऱ्याला सांग, तो बी करीन." ऋतू फिरतील तसा पाला बदलत गेला. पावसाळ्यात तांदुळजा, थंडीत मेथी आणि हरभऱ्याचे शेंडे, उन्हाळ्यात शेवगा. बाकीच्यांसाठी नंतर वेगळं वाटण व्हायचं. दीड वर्षांनी डॉक्टरांनी पापणी ओढली तेव्हा आत गुलाबी दिसलं. सुया लागू पडल्या की पाला, कोण सांगणार? बेबाबाईला विचाराल तर ती म्हणायची, म्हाताऱ्याची तहान लागू पडली. पुढे तिला चौथं मूल झालं, मुलगी, आणि मायलेकी दोघी धडधाकट घरी परतल्या.

एकोणसाठ सालच्या भादव्यात आबांनी अंथरूण धरलं. छातीत कफ भरला. तीन दिवस अन्न नाही, चौथ्या दिवशी बोलणं गेलं. कुंदाबाई आली, भाऊबंद आले. सकाळी वैद्यानं नाडी पाहून मान हलवली, तशी तोतारामनं गंगाजळीचा चंबू फोडला आणि तुळशीचं पान घालून चमचा बापाच्या ओठांना लावला. ओठ घट्ट मिटलेले. पाणी गालावरून उशीवर गेलं. कुंदाबाईनं लावून पाहिलं. तिच्याही हातचं घेईनात. डोळे उघडे होते, ओळख होती, पण ओठ उघडत नव्हते.

"जीव कशात तरी आडकेल आहे," भिकुबाई पुटपुटली. कुणी म्हणालं, नातवाला समोर आणा. कुणी म्हणालं, बागेतली माती आणा. नातू आणला, माती आणली. आबांची नजर सगळ्यांवरून फिरून एकाच ठिकाणी जात होती, उशाशी ठेवलेल्या त्यांच्या लोट्याकडे. धावपळीत तो कुणीतरी पालथा घातला होता.

बेबाबाई पायाशी बसून तळवे चोळत होती. तिनं तो लोटा पाहिला आणि तिचे हात थांबले. चार दिवसांत पाटा धुतला नव्हता. चार दिवसांत तिनं पेला तोंडाला लावला नव्हता. आणि चार दिवस सगळे चमच्यानं पाणी पाजत होते ते आत तरी गेलं होतं का? तिला आठवेना. प्रत्येक वेळी उशी ओली झाली होती एवढंच आठवलं.

ती उठली. परसात जाऊन शेवग्याची फांदी वाकवली. थोड्याच वेळात घरात वरवंट्याचा आवाज सुरू झाला. बायका एकमेकींकडे बघायला लागल्या. सासरा जायला निघालाय आणि सून चटणी वाटतेय? कुंदाबाई तोंड उघडणार तेवढ्यात तोतारामनं तिला हातानं थांबवलं. त्याला कळलं होतं.

बेबाबाई पेला भरून आली. एवढ्या माणसांत, डोईवरचा पदर सारखा करून, ती आबांच्या समोर बसली. भिंतीकडे वळली नाही. वळली असती तर त्यांना दिसलं नसतं. ती त्यांच्या डोळ्यांत बघत प्यायली, घोट घोट, सगळा. डोळ्यांतलं पाणी हनुवटीपर्यंत आलं तरी थांबली नाही. मग तिनं पेला लोट्याशेजारी उपडा ठेवला, टक् वाजेल असा, आणि लोटा सुलटा केला.

"पेली, आबा," ती म्हणाली. "आता तुमी प्या."

तिनं तोतारामच्या हातातला चमचा घेतला आणि ओठांना लावला. आबांनी ओठ उघडले. पाणी आत गेलं, गळ्याची घाटी हलली. बेबाबाईनं दुसरा चमचा भरला.